ग्राउंडच्या दिवशीचा उपास

पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, देऊन परतणाऱ्या मायलेकी शहाद्याच्या एसटीत कोकिळाबाईंच्या पुढच्याच बाकावर बसल्या. चोरून ऐकायची कोकिळाबाईंना सवय नव्हती. पण आईचा आवाजच असा, की इंजिन त्याच्यापुढे गरीब वाटावं.

"तिसरी खेप, चेतना! वर्दी आपला नशीबमा नही शे, मानी ले."

"मालेबी तेच वाटे. पन गावमा रोज भाकर खाईसन पयस, तव्हय चक्कर येस का?"

"मंग?"

"ग्राउंडनाच दिवसे उपाशी ठेवस तू माले. दुसऱ्या राउंडले डोयासमोर अंधारी उनी."

"कानबाईना नवस शे तो! देवीसाठे येक दिवस भूक सहन व्हत नही तुले?"

"मी परत जासू, माय. खाईसन जासू."

"देवी कोपी! नवस कोन फेडी?"

"मंग उपास तू धर. पयसू मी."

"मी?" आईनं डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. "माले शुगर शे ना, बाई! डॉक्टर सांगस, उपाशीपोटे घरमाबी फिरानं नही. चक्कर यी जाई."