मी हरवलेलो नाही

मी, खाली सही करणारा, वय ५३ वर्षे, धंदा रेल्वे स्थानकात सफाई, राहणार स्थानकामागे भाड्याच्या खोलीत, समक्ष हजर राहून सांगतो की, मी हरवलेलो नाही.

मी आणि माझा थोरला भाऊ मिळून छापखाना चालवत होतो. तो बुडाला. त्यावर दादाचे म्हणणे, "घरी बस, दोन घास मिळतील." माझी बायको हयात नाही, मूलबाळ नाही. पण नुसते बसून खाणे मला जमेना. मी स्थानकातल्या कंत्राटदाराकडे फरशी पुसण्याचे काम धरले आणि कुठे जातो ते वहिनीला सांगून घर सोडले. वहिनीने डबा बांधून दिला. म्हणजे चोरून काहीही झालेले नाही.

तरी दादाने मी बेपत्ता असल्याची तक्रार दिली, वर माझे डोके फिरल्याचेही लिहून दिले. पोलीस मला भर कामातून इथे चौकीत आणतात, ही दुसरी खेप. मुकादमाने बजावले आहे, पुन्हा पोलीस आले तर बादली ठेवायची आणि चालते व्हायचे. मी अजून कायम नाही. या वयात मला दुसरे काम कोण देणार आहे?

स्थानक जुने आहे. छत गळते, फरशा उखडल्या आहेत, पुसून मान वर करावी तर पुन्हा ओले. पुसणारा माणसांची तोंडे बघत नाही, पाय बघतो. काल सकाळी प्रतीक्षालयात बाकाखाली दादाच्या चपला दिसल्या. मी म्हणालो, "दादा, पाय वर घे." त्याने घेतले. मी पुसले. तो पाय अधांतरी धरून छताकडे बघत बसला. फरशी वाळल्यावर उठला, आणि थेट इथे येऊन म्हणाला, भाऊ अजून सापडत नाही. यावर माणसाने काय कपाळ बडवून घ्यावे?

आज साहेबांनी त्याला माझ्यासमोर बसवून विचारले, हा तुमचाच भाऊ ना? दादा म्हणाला, "आधी त्याला हे कपडे बदलून येऊ द्या, मग सांगतो." साहेब हसले. मला फार लागले.

मी हे सफाईचे कपडे बदलणार नाही. दुपारपर्यंत माझी पाळी आहे. दादाला ओळख पटत नसेल तर मी बेपत्ता राहायला तयार आहे. फक्त कामाच्या वेळात मला शोधू नये, एवढी विनंती.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, तो मी सांगितला तसाच आहे. वाचताना दादाही समोर बसून ऐकत होता.