दोन आकड्यांमधली जागा

—नाही, अमांग, बापासारखे तुम्ही, पण तुमच्या आजोबांना उचलून थोरल्याच्या जागी नाही बसवता येणार. म्हणजे कॉम्प्युटरला काय, तो ऐकेल — मी नाही ऐकणार. कॉफी घ्या, गार होतेय. हे बघा, अख्ख्या कुळाची वंशावळ या तक्त्यात आहे. झाड तिकडे भिंतीवर, इथं नुसत्या ओळी. प्रत्येकाला दोन आकडे, डावा नि उजवा — पोरं, नातवंडं, पणतवंडं, सगळ्यांचे आकडे त्या दोनांच्या मध्ये. तुमच्या आजोबांचा वंश काढायचा? त्यांच्या दोन आकड्यांमधले सगळे मागा, झालं. थोरला आधी, धाकटा नंतर. लग्नात डुकराच्या मुंडीचा, थोरलेपणाच्या मानाचा वाटा त्यामुळेच पलीकडच्या घरी जातो, ठाऊक आहे मला. पण तुमचे आजोबा दुसऱ्या नंबरावर जन्मले, त्याला मी काय करू?

आधी आकडे लागोपाठ होते — मध्ये एक नाव घालायचं तर उजवीकडचं सगळं कुळ सरकवायला लागायचं. मग मी दहा-दहाचं अंतर ठेवलं. कोणासाठी म्हणजे? नव्या बाळांसाठी. राहून गेलेल्यांसाठी... तिकडे कशाला बोट नेताय, ते माझ्या वडिलांचं घर. हो, माझा भाऊ मारोलोप दुसरा आहे. हो, आपल्या कुळमंडळाचे अध्यक्षच — थोरला मुलगा म्हणून भाषणं करतो तोच. पहिली मी, तिउर्मा. त्याच्या आधी जन्मले, आता काय करता?

मुली नवऱ्याच्या कुळात जातात — हे मला सांगताय? सगळी नावं मीच टाइप केलीत, अमांग. आणि जिला नवराच नाही तिनं कुठं जायचं? शोधलं मी. कुठंच नाही. वाईट वाटतं हो, का नाही वाटणार!

पुसून टाकू? पुसलं तर सगळे आकडे बिघडतील, तुमचे आजोबासुद्धा जागचे हलतील — नाही, खोटं बोलले. कोणी हलणार नाही. माझ्या दोन आकड्यांच्या मध्ये कोणी नाहीच ना. एक ओळ जाईल, बाकी तक्ता जसाच्या तसा. मी करून बघितलंय. एक अख्खी दुपार मी नव्हते, नि कोणतंही उत्तर चुकलं नाही — कोणाचा वंश काढा, कोणाचा क्रम काढा, सगळं बरोबर. संध्याकाळी मीच मला परत घातलं.

या, बसा खुर्चीवर. ओळ निवडून ठेवलीय. ही कळ. तुम्हीच दाबा, माझ्या हातून नाही होत... चष्मा? गळ्यातच आहे तुमच्या.

बरं. नसेल दाबायचं तर उठा, छापखान्याचा माणूस वंशावळ छापायला न्यायला येईल आता. जाताना दार ओढून घ्या.