समजोत्याचा कागद

आनंदराव : आन् म्याडम, आतमंदी पंच किती बसतात?

दीपमाला : पंच नसतात काका. एकट्या जज मॅडम ऐकतात आणि त्याच निकाल देतात.

आनंदराव : मनजे चार मानसं बसून ठरवत नाई? टीव्हीवर तर मी पाह्यलं, बारा जन बाकावर बसून रायतात.

दीपमाला : ती ज्युरी. बाहेरच्या देशात असते. आपल्याकडे जुन्या काळी होती, बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. आणि घरच्या मामल्यात तर नाहीच.

आनंदराव : हाव. मंग गावचं कोणी नाई रायनार.

दीपमाला : या मदतीच्या टेबलावर मला चार वर्षं झाली, काका. बायका पोटगीचं विचारतात, माणसं लेकराच्या भेटीचं विचारतात. गावचं कोणी राहील का, हे पहिल्यांदा ऐकलं. केस कोणती तुमची?

आनंदराव : केस माही नाई. साक्ष हाये. समन्स आला. डाक्टरचा कागद जोडला, बिमार हाये मनून, तर चालते का?

दीपमाला : बिमार आहात?

आनंदराव : बीपी हाये थोडासाक.

दीपमाला : बीपीवर फार तर तारीख पुढं जाते. साक्ष सुटत नाही. कोणाकडून बोलावलं?

आनंदराव : पोरीकडून.

दीपमाला : पोरगी तुमची कोण?

आनंदराव : पोरगीच. मयुरी. सख्खी लेक हाये माही.

दीपमाला : मग लेकीच्या बाजूनं बोलायला बापाला बिमार कशाला पडावं लागतं?

आनंदराव : जरा हळू बोला ना बाई. थो बाकावरचा मानूस अल्लीपूरचा हाये, आमच्याच गावचा.

दीपमाला : बरं. सांगा.

आनंदराव : मी गावात तंटामुक्तीचा अध्यक्ष होतो. सहा वर्षं. कोनाच्या घरी भांडन झालं का मले बलावनं यायचं. नवरा-बायकोले समोर बसवाचं, समजवाचं, पोलिसात जाऊ नाई द्याचं. मान होता मले. आन् मयुरी सासरहून आली. मी दुसऱ्याच दिवशी तिले नेऊन घातली. दुसऱ्या डाव आली, पुन्हा नेऊन घातली. तिची माय रडून राह्यली होती. मी म्हटलं, अध्यक्षाचीच पोरगी घरी येऊन बसली तर लोकाले कोनत्या तोंडानं सांगू?

दीपमाला : मारायचा तो?

आनंदराव : दुर्गेश? हाव.

दीपमाला : मग?

आनंदराव : तिसऱ्या डाव मी त्याले बलावलं. समितीसमोर दोघायले बसवलं आन् समजोता लिहिला. ‘पतीने मला कधीही मारहाण केली नाही, माझी कोणतीही तक्रार नाही, मी राजीखुशीने नांदण्यास जात आहे.’ अक्षर माहं, सही तिची. आता दुर्गेशच्या वकिलानं थोच कागद कोर्टात टाकला. म्हनते, पाहा, बापानंच लिहून देल्लं.

दीपमाला : तिनं सांगितलं होतं तसं?

आनंदराव : तिले विचारलंच कोनं?

दीपमाला : आता कुठं असते?

आनंदराव : सिंदी मेघेत खोली करून रायते. एका दवाखान्यात सैपाकाले जाते. हे मले समन्सचा कागद वाचून समजलं, म्याडम. बापाले.

दीपमाला : असं आहे काका. तिच्या वकिलांना सांगून तुमचं नाव कमी करता येईल. पण तो कागद फायलीत तसाच राहील. त्यात लिहिलं ते खोटं आहे, हे लिहिणाऱ्यानं म्हटलं तर वजन पडतं.

आनंदराव : आन् मी म्हटलं, तर बाकीच्या बायांचं काय? एकोनीस समजोते लिहिले मी. एकोनीस. त्यातली एक, सुमित्राबाईची पोरगी... जाऊ द्या.

दीपमाला : बाहेरच्या कोणाला आत न बसवता दार लावून ऐका, असा अर्ज देता येतो. मयुरीला हवं असेल तर मी लिहून देते.

आनंदराव : तिले पायजे असन तर लिहा. माह्यासाठी नका लिहू. मले फक्त तारीख मोठ्या अक्षरात लिहून द्या. चष्मा नाई आनला.

(महिनाभरानं. साक्ष झाल्यावर कोर्टाच्या आवारात आनंदराव आणि मयुरी.)

मयुरी : पानी घ्या.

आनंदराव : तू पे आधी.

मयुरी : मी प्याली.

आनंदराव : थो वकील कसा अंगावर आलता! ‘पोरीसाठी खोटं बोलता का?’ मी म्हटलं, आज नाई बोलून राह्यलो साहेब, खोटं तवा लिहिलं.

मयुरी : ऐकलं. मांगच बसली होती मी.

आनंदराव : गावचे दोघं होते.

मयुरी : तिघं.

आनंदराव : तुही वकीलबाई काय म्हने?

मयुरी : म्हने, त्या कागदात आता दम नाई राह्यला. निकालाले वेळ लागन.

आनंदराव : जज म्याडमनं विचारलं ना, सही करताना मुलगी काही बोलली का. मले आठोलंच नाई.

मयुरी : मी म्हटलं होतं, बाबा, एक डाव वाचून दाखवा.

आनंदराव : मंग मी?

मयुरी : तुमी म्हटलं, मी लिहिलं हाये ना, कर सही. लोकायचा चहा थंडा होऊन राह्यला.

आनंदराव : असं म्हटलं मी?

मयुरी : हाव.

आनंदराव : हे आत सांगाले पायजे होतं. परत जाता येते का?

मयुरी : नाई येत. माह्या साक्षीत सांगतलं मी.

आनंदराव : तुही माय विचारत होती, घरी कधी येशीन.

मयुरी : तिले म्हना, खोलीवर ये. रविवारी सुट्टी रायते मले.

आनंदराव : आन् मी?

मयुरी : तुमची गाडी निघून जाईन बाबा. उशीर झाला.

आनंदराव : जातो. एक ऐक फक्त. हे आत कोनं विचारलं नाई, मनून मी बोललो नाई. पोळ्याले तू आलती, हाताले ओढनी गुंडाळून. मोरीत घसरली म्हने. मी म्हटलं, जपून चालत जा. पन मले तवाच समजलं होतं, मयुरी.

मयुरी : मालूम हाये मले.

आनंदराव : काय मालूम हाये?

मयुरी : तुमाले समजलं होतं ते. त्या दिवशी माह्या ताटातली पोळी तुमीच तोडून देल्ली होती.