साहेबाचा पंखा

पंखा निवडायला पैसा नाही, अक्कल लागते बरं का! हायस्कुलात असताना सुट्टीत मी आईबरोबर लोणावळ्याच्या एका भातगिरणीत तांदूळ पाखडायला जायची. तिथे कोंड्याची धूळ इतकी, की आमच्या शेजारच्या सरू मावशीला खोकून खोकून भाकरी गिळवेना. काम सोडावं, तर घरात मिळवणारी ती एकटीच. शेवटी तिनेच मालकांना विनवलं, "शेट, भिंतीत पंखा बसवा. धूळ भाईर फेकंल असा."

शेट हसले. "पंखा कसला घ्यायचा, ते तू मला शिकवणार?"

तुंगार्लीत एका साहेबाचा बंगला रिकामा होत होता. तिथल्या दिवाणखान्यातला छताचा पंखा शेटनी मिरवत आणला, नारळ फोडून आढ्याला टांगला आणि बटण दाबलं. खाली बसलेला सगळा कोंडा उठून गिरणीभर फिरू लागला. शेट डोळे चोळत बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुधारणा केली. पंखा तसाच ठेवला आणि स्वतःची गादी तेवढी बाहेर ओट्यावर नेली. तिथूनच विचारतात, "काय सरू, लागतोय ना वारा?"

"लय लागतोय, शेट," मावशी खोकत म्हणाली. "या की आत, तुमाला बी जागा करते."