उशाकडची पिवळी लेन्स

जबाब
दि. ११/०२/२०२५

मी जहांगीर महेबूबसाब अत्तार, वय ६४ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, रा. किल्ल्याजवळ, औसा, जि. लातूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी चांदबी, मुलगा शारिक, सून व नात कहकशां यांच्यासह राहतो. मी हरवल्याची खबर शारिकने दि. ९ रोजी सायंकाळी दिली होती. मी घरी परत आलो आहे.

माझ्याकडे जुन्या कॅमेऱ्याची एक जपानी लेन्स आहे. ती सन १९८८ मध्ये हैदराबादहून वापरलेली विकत आणली. तिची काच पिवळी पडली आहे. चोरीला जाऊ नये म्हणून ती मी घरच्या कपाटात ठेवत असे. कपाट पत्नीच्या उशाकडे, तीन हातांवर आहे. मागील वर्षी पत्नीला थायरॉईडचा कॅन्सर निघाला. लातूरला गळ्याचे ऑपरेशन झाले. आता तब्येत चांगली आहे.

दि. २९/०१ रोजी कहकशांने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. जुन्या काही लेन्सच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू घालत, त्यातून किरणे निघतात, असे त्यात होते. ती म्हणाली, "दादा, आपलीबी तसलीच हाय की." मी हसलो. त्या दिवसापासून मी लेन्स घेऊन बाहेरच्या खोलीत झोपू लागलो. पत्नीने विचारले तर खोकला आहे म्हणून सांगितले. खोकला नव्हता.

दि. ९, रविवारी सकाळी सहाच्या सुमारास कोणाला न सांगता, मोबाईल घरी ठेवून निघालो. लेन्स स्टीलच्या डब्यात घेतली. लातूरमार्गे एसटीने बारा वाजता नांदेडला पोहोचलो. लेन्स गोदावरीत टाकायची, असे मनात होते. पुढचे काही ठरवले नव्हते. जिवाचे बरेवाईट करायचे होते काय, असे विचारता सांगतो की, परत यायचे ठरवले नव्हते.

घाटावर बाया धुणे धूत होत्या. एक म्हातारी कळशी भरत होती. हे पाणी लोक पितात, म्हणून लेन्स टाकली नाही. तेथे तासभर बसलो.

मग राजशेखर महादेवप्पा यांची आठवण झाली. ते मूळचे औशाचे, नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. विचारत विचारत घरी गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले व म्हणाले, "चाचा, किरणं मोजायची मशीन कॉलेजात हाय. उद्या बघू. आज जेवा अन् इथंच झोपा." घरी कळवले आहे, असे मी त्यांना खोटे सांगितले. ती माझी चूक आहे.

सोमवारी सकाळी त्यांनी लॅबमध्ये मशीन लेन्सला लावली. ती कडकड वाजू लागली. मग त्यांनी लेन्स हळूहळू मागे नेली. दोन हातांवर गेल्यावर मशीन रिकाम्या खोलीत वाजत होती तेवढीच वाजू लागली. मी पुन्हा मोजा म्हणालो. त्यांनी चार वेळा मोजले. म्हणाले, "काच फोडू नका, घासू नका, तासन्‌तास डोळ्याला लावून बसू नका. बाकी कपाटातल्या लेन्सनं चाचीला काही झालेलं न्हाई." माझा विश्वास बसेना म्हणून त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर शोधून फोन लावला. डॉक्टरांनीही तेच सांगितले. मी तेथेच फरशीवर बसलो. राजशेखर यांनी पाणी दिले. त्यांच्याच फोनवरून शारिकला कळवले. लेन्स त्यांच्याकडे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी दिली आहे.

सायंकाळी घरी आलो व पत्नीला सर्व सांगितले. ती म्हणाली, "मेरेकू लगा, गले के टाके देखके तुमे बाहर सोने लगे." हे मला माहीत नव्हते. मी तिचा हात धरून बसलो. सुनेने दोनदा चहा गरम केला.

मला कोणी मारहाण केली नाही, धमकावले नाही, पळवून नेले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पत्नीची माझ्याविरुद्ध आहे, ती घरी देणार आहे, असे ती येथे बसून सांगते.

जबाब मला व पत्नीला वाचून दाखवला, हिंदीतही समजावला. मी बोललो तसाच लिहिला आहे, म्हणून खाली सही करतो.