बिनवातीच्या मेणबत्त्या

मिक्सर दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना बघताच काउंटरवरची बाई ताडकन उठली.

“सर! आपल्या शाळेचं उद्योग मंडळ... मेणबत्त्यांत वात घालायला विसरलेली मी!”

“अगं, तू! चाळीस घरांत विकल्यास की!”

“आणि तुम्ही मला दारोदार माफी मागायला पाठवलंत.”

“फार रडली होतीस.”

“पहिल्या तीन घरांत. मग लोकांचं ऐकून घेणं जमायला लागलं. त्याच जोरावर आज इथला तक्रार विभाग सांभाळते.”

“वा! मग ऐक, हा मिक्सर तिसऱ्यांदा बिघडलाय.”

“तिसऱ्यांदा? उद्या नवा घेऊन मी स्वतः घरी येते.”

“तू कशाला? दुसऱ्या कुणाला पाठव की.”

“सर, तेव्हा मीही हेच म्हणाले होते.”