सूर्यभानचा पाऊण शेर

यंदा साऱ्या वावरांत कापूस, म्हणून अकोल्यात ज्वारीला रांग. माझ्यापुढे सासू-सून होत्या.

"पार्वती, रोज अडीच शेर काहून नेऊन राहिली वं? सूर्यभान तर वीस दिवस झाले, कापसाची गाडी घेऊन खामगावले गेला."

"हो, आत्याबाई."

"त्याचा पाऊण शेर वजा कर. किती राहिले?"

"पावणेदोन."

"मंग तेवढीच घे! वरची कोण खाते?"

"गाय. त्यायच्या वाट्याच्या भाकरी रोज झाकून ठेवतो, सकाळी गाईले घालतो."

"एवढ्या महागाईत?"

"खामगावात पटकीची साथ आली म्हणतात, आत्याबाई. त्यायचा वाटा वजा कराले हात धजत नाही. तुमीच सांगा दुकानदाराले."

"मीच सांगतो."

दुकानदारानं माप उचललं. "किती देऊ, मावशी?"

"अडीच शेर."